वस्तऱ्याला गंजापासून जपायचं कसं: आधी कोरडा, मग तेल

आजोबांचा जर्मनीतल्या सोलिंगनचा वस्तरा मी वापरायला काढला तो जून महिन्यात, रत्नागिरीच्या घरी. दाढी केली, पातं नळाखाली धरून धुतलं, टॉवेलने पुसलं, वर खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि वस्तरा मिटून न्हाणीघरातल्या कपाटात ठेवला. तेल लावलंय म्हणजे आता काळजी नाही, असं मला वाटत होतं. चार दिवसांनी उघडला, तर धारेलगत तांबूस ठिपक्यांची ओळ उठलेली. खिळ्यापाशी, जिथे पातं मुठीत शिरतं, तिथे तर गंजाची खपली धरली होती. आजोबांनी जन्मभर जपलेलं पातं मी चार दिवसांत खराब केलं होतं.

आळीतल्या सलूनवाल्या काकांकडे वस्तरा घेऊन गेलो. त्यांच्या वडिलांची धोकटी त्यांनी अजून सांभाळून ठेवली आहे. काकांनी पातं उजेडात तिरकं धरलं, मुठीच्या फटीत फुंकर घातली आणि विचारलं, "तेल लावलं होतंस ना? पाण्यावर लावलंस. तेलाने पाणी आत कोंडलं. अरे, आधी कोरडा, मग तेल."

पुढे जे काही लिहिलं आहे, ते या एका वाक्याचा विस्तार आहे. वस्तऱ्याला कुठलं तेल लावावं यावर लोक तासन्‌तास बोलतात. मला मात्र आता खात्री पटली आहे, की नव्वद टक्के काम कोरडं करण्याचं आहे.

गंज कुठे धरतो आणि का

शब्द आधी ठरवून घेऊ. पात्याची जाड कड म्हणजे पाठ, पातळ कड म्हणजे धार. पात्याचं मागचं अरुंद टोक मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये खिळ्यावर फिरतं. टोकाच्या मागे बोट टेकवायला जो वाकडा भाग असतो, ती शेपटी.

लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू हे तीन एकत्र आले की गंज तयार होतो. यातलं लोखंड आपण काढू शकत नाही, प्राणवायू अडवणं अवघड, म्हणून आपल्या हातात उरतं ते पाणी. पाणी म्हणजे डोळ्यांना दिसणारा थेंबच हवा असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की पोलादावर दमटपणाचा न दिसणारा थर बसू लागतो आणि गंजण्याचा वेग वाढतो. कोकण किनाऱ्यावर जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. त्यात मीठ मिसळलं की काम आणखी लवकर होतं, कारण मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्यातला क्लोराइड पोलादावरचा संरक्षक पापुद्रा फोडतो. हे मीठ समुद्राच्या वाऱ्यातून येतं, घामातून येतं, बोटांच्या ठशांतून येतं. पात्यावर कधी कधी अंगठ्याचा हुबेहूब ठसा गंजून उमटलेला दिसतो, तो याचमुळे.

धार आधी का जाते, हे समजून घेतलं पाहिजे. चांगल्या पाजवलेल्या धारेची कड एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाठीवर तेवढाच गंज चढला तर तो पुसून जातो आणि कुणाला कळतही नाही. धारेवर चढला तर धारच संपते. परवापर्यंत मऊ चालणारा वस्तरा आज ओढतोय, केस खेचतोय अशी तक्रार असते, तेव्हा माणूस धार सरळ करायच्या चामडी पट्ट्याला किंवा पाजवायच्या दगडाला दोष देतो. पुष्कळदा कारण असतं ते हे न दिसणारं गंजणं.

तुमचं पातं कोणत्या पोलादाचं आहे

जुने बहुतेक वस्तरे, मग ते जर्मनीतल्या सोलिंगनचे असोत, इंग्लंडमधल्या शेफील्डचे की फ्रान्समधल्या तिएरचे, कार्बन पोलादाचे असतात. या पोलादात साधारण एक टक्का कार्बन असतो. धार सुरेख लागते, पण पोलाद पाण्याला हळवं. शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने १९१३ साली क्रोमियम मिसळलेलं न गंजणारं पोलाद ओतलं. त्यानंतरच्या काळात स्टेनलेसचे वस्तरेही निघाले. त्यांच्या पात्यात साधारण १३ टक्के क्रोमियम असतं. पात्यावर किंवा शेपटीवर 'रोस्टफ्राय' किंवा 'इनॉक्स' अशा अर्थाची परदेशी अक्षरं कोरलेली दिसली तर ते स्टेनलेस समजा.

स्टेनलेस म्हणजे डाग कमी, डाग नाहीतच असं नव्हे. खारट ओलावा तसाच राहिला तर त्यावरही सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. म्हणून खालची रीत दोघांनाही लागू आहे. स्टेनलेसला एखाद्या दिवशीची चूक माफ होते, इतकाच फरक.

कार्बन पोलादावर वापराने एक करडी-निळसर झाक येते. ती घासून काढू नका. बोट फिरवल्यावर खरखरीत लागत नसेल आणि पांढऱ्या कापडावर तांबूस रंग उतरत नसेल, तर तो गंज नाही. ती झाक उलट पात्याला थोडंफार राखते.

दाढी झाल्यावरची १५ मिनिटं

पहिली गोष्ट दाढी चालू असतानाची आहे. पातं धुताना त्याचं पुढचं टोक खाली आणि मूठ वर असावी. नळाची धार पात्याच्या पुढच्या भागावरच पडली पाहिजे. आपण सवयीने अख्खा वस्तरा नळाखाली धरतो आणि पाणी खिळ्यात शिरतं. तिथे गेलेलं पाणी कापडाने निघत नाही. त्याहून बरं म्हणजे नळ न वापरता वाटीत कोमट पाणी घेणं आणि पात्याचा पुढचा भागच त्यात बुडवणं. फेस कापडाच्या घडीवर पुसत गेलात तर पाण्याचा संबंध आणखी कमी येतो. जुने कारागीर खांद्यावरच्या फडक्याला फेस पुसत, त्यात हाही फायदा होता.

दाढी संपली की शेवटची धुणी स्वच्छ पाण्याची. साबणाचा पापुद्रा पात्यावर राहिला तर तो ओलावा धरून ठेवतो. तुरटी फिरवायची असेल तर वस्तरा पुसून बाजूला ठेवल्यावरच. तुरटीचं पाणी आम्ल असतं आणि ते मिठासारख्या क्षाराचंच पाणी आहे. त्याच ओल्या बोटांनी पातं मिटणं म्हणजे गंजाला हाताने बोलावणं.

आता पुसणं. जुन्या सुती पंचाचा मऊ तुकडा घ्या. टॉवेलचे उभे धागे धारेत अडकतात, म्हणून टॉवेल नको. पातं सपाट धरून कापड पाठीकडून धारेकडे न्या आणि धारेवरून बाहेर सोडा. धारेच्या लांबीने कधीही पुसू नका, कापडही कापलं जातं आणि बोटही. दोन्ही बाजूंनी तीन-चार वेळा पुसा, दर वेळी कापडाची कोरडी बाजू घेऊन.

यानंतर येतो तो भाग, जो मी चुकवला होता. टिश्यू कागदाची बोटभर रुंद पट्टी घ्या, तिला एक घडी घाला आणि ती मुठीच्या दोन पट्ट्यांमधून, खिळ्याच्या अलीकडून आत सरकवून पलीकडून ओढून काढा. पात्याच्या एका अंगाला एकदा, दुसऱ्या अंगाला एकदा. पहिली पट्टी ओली निघेल. ती कोरडी निघेपर्यंत हे करत राहा. मला सुरुवातीला चार पट्ट्या लागायच्या, आता धुण्याची रीत बदलल्यावर एकीत भागतं. खिळ्यात पाणी गेलंच असं वाटलं तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटचे दोन थेंब तिथे सोडा आणि पातं दोन-तीनदा उघडमीट करा. स्पिरिट पाण्यात मिसळून त्याला बाहेर आणतं आणि झटकन उडून जातं. मात्र मूठ सेल्युलॉइडची असेल किंवा लाकडावर लाखेचं रोगण असेल तर स्पिरिट वापरू नका, मूठ खराब होते.

पुसून झालं तरी धारेवर ओलावा उरतोच. त्यासाठी पट्ट्याच्या कॅनव्हासच्या बाजूवर पातं १०-१५ वेळा हलक्या हाताने फिरवा. पाठ पुढे, धार मागे, आणि वळवताना पातं पाठीवरूनच उलटायचं. दाढीच्या आधी पट्टा धार सरळ करण्यासाठी असतो, दाढीनंतरचा हा फेरा धार सुकवण्यासाठी. हा फेरा कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो: धारेच्या आयुष्यासाठी मला तो तेलापेक्षा मोलाचा वाटतो. काही कारागीर शेवटी पातं तळहातावर फिरवतात. हात कसबी असेल तर फिरवा, पण त्यानंतर पुन्हा पुसा, कारण तळहातावर घाम असतोच.

मग वस्तरा उघडाच ठेवा, अर्धा ते एक तास, वाऱ्याच्या खोलीत, मुलांचा हात पोचणार नाही अशा उंच जागी. खिळ्यातला शेवटचा ओलावा या वेळात उडून जातो. धुतल्या धुतल्या मिटलेला वस्तरा म्हणजे ओल्या छत्रीला घातलेली पिशवी.

तेल: कोणतं, किती, कधी

रोज वापरात असलेल्या वस्तऱ्याला पुण्या-नाशकाच्या कोरड्या हवेत हिवाळा-उन्हाळा तेल लागतही नाही. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याचे चार महिने दर दाढीनंतर लावा. आठवड्याहून जास्त पडून राहणार असेल तर सगळीकडे, सगळ्या ऋतूंत लावा.

सगळ्यात सोपं आणि स्वस्त म्हणजे औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. ते शुद्ध खनिज तेल आहे, त्याला वास नाही, ते खवट होत नाही, चिकटत नाही, आणि पातं चेहऱ्याला लागणार असल्याने ही शुद्धता महत्त्वाची. शिलाई मशीनचं तेल त्याच जातीचं. तेही चालतं, दाढीआधी पुसून घ्यायचं. जपानमध्ये हत्यारांना कॅमेलियाच्या बियांचं तेल लावायची जुनी पद्धत आहे. ते उत्तम असतं, पण महाग पडतं.

खोबरेल तेलाबद्दल बोलायलाच हवं, कारण आपल्या घरात हात आधी त्याच बाटलीकडे जातो. दोन-चार दिवसांसाठी ते चालेल. पण थंडीत २४ अंशांच्या खाली ते थिजतं आणि थर सारखा बसत नाही. महिनोन्‌महिने राहिलं की खवट होतं, आणि खवट तेलात आम्ल तयार होतं. केसांच्या सुवासिक तेलात आणखी काय काय मिसळलेलं असतं ते वेगळंच. जवसाचं तेल अजिबात नको, ते सुकून लाखेसारखं चिकटतं. शेंगदाण्याचं आणि करडईचंही कालांतराने चिकट होतं. फवाऱ्याच्या डब्यात मिळणारं डब्ल्यूडी-४० पाणी हाकलण्यासाठीच बनवलेलं आहे, नावातला 'डब्ल्यूडी' त्याच अर्थाचा. खिळ्यातलं पाणी काढायला ते चांगलं, पण त्याचा थर पातळ असतो, म्हणून मोठ्या मुदतीसाठी त्याच्यावर विसंबू नका.

लावायचं किती? एक थेंब. कापसावर घ्या, पाठीकडून धारेकडे दोन्ही बाजूंनी फिरवा, मग कोऱ्या कापसाने हलकेच पुसल्यासारखं करा. पात्यावर तेल दिसू नये, नुसती तकाकी दिसावी. खिळ्याच्या दोन्ही बाजूंना काडीच्या टोकाने अर्धा-अर्धा थेंब. सहा महिने वगैरे ठेवून द्यायचं असेल तर साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या, ती जागेवरून ओघळत नाही.

पुढच्या दाढीआधी हे तेल पूर्ण पुसायचं, आणि मगच वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घ्यायचा. तेलकट पातं पट्ट्यावर गेलं की चामडं तेल पितं आणि त्यावर धूळ बसते.

ठेवायचा कुठे

न्हाणीघरात नाही. गिझरची वाफ हे एक कारण. दुसरं कारण मला बरंच उशिरा कळलं: फरशा आणि संडास धुवायला आपण जे ॲसिड वापरतो, त्याची वाफ. ते बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि त्याची वाफ बंद कपाटातल्या पोलादालाही सोडत नाही. न्हाणीघरातल्या बिजागऱ्या कशा गंजतात ते पाहा, म्हणजे पटेल.

चामड्याच्या म्यानात नाही. चामडं ओलावा धरतं, आणि ते कमवताना वापरलेली द्रव्यं पोलादाला काळे डाग पाडतात. वस्तऱ्याबरोबर आलेली खोकी मखमलीची किंवा पुठ्ठ्याची असतात. ती दाखवायला छान, पण पावसाळ्यात तीही दमट होतात. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद आम्लधर्मी असतो आणि पाणीही शोषतो.

मी आता पक्क्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा वापरतो. तळाशी सिलिका जेलची ५० ग्रॅमची पुडी आणि वर सुती कापडात सैल गुंडाळलेला वस्तरा. बुटांच्या खोक्यांतून निघालेल्या पुड्या उपयोगाच्या नसतात, त्या आधीच ओलावा पिऊन बसलेल्या असतात. रंग बदलणारे दाणे घ्या. नारिंगी दाणे ओले झाले की हिरवट पडतात. निळे दाणे गुलाबी होतात, पण निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते अपायकारक आहे, म्हणून घरात नारिंगीच बरे. रंग बदलला की दाणे ताटात पसरून ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन तास तापवा, ते पुन्हा कामाला येतात. डब्यात आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र ठेवलंत तर उत्तम. आकडा ५० टक्क्यांच्या खाली असला की निश्चिंत राहा. मिठाच्या बरणीत तांदूळ टाकतात तसे तांदूळ इथे पुरत नाहीत.

एसीच्या खोलीत वस्तरा ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. थंड पातं एकदम दमट खोलीत आणलं की त्यावर दव धरतं, चष्म्याच्या काचेवर धरतं तसंच. डबा आधी बाहेर आणा, अर्धा तास तसाच ठेवा, मग उघडा. पात्यावर तोंडाची वाफ देऊन पुसायची सवय असेल तर तीही सोडा.

निर्जंतुक करायचं असेल तर ब्लीचचं पाणी वापरू नका. त्यातलं हायपोक्लोराइट कार्बन पोलादाला बघता बघता तांबडं करतं. स्पिरिटने पुसा आणि लगेच कोरडं करा. आणि असा वस्तरा एकाच माणसाचा असावा. सलूनमध्ये दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड घालतात, ते योग्यच आहे.

गंज आलाच तर

दर महिन्याला एकदा पातं खिडकीच्या उजेडात तिरकं धरून बघा. भिंग असेल तर धार आणि खिळ्याची जागा नीट तपासा.

नुसती तांबूस धूळ असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी कापडाने पुसा, बरंच निघून जातं. राहिलं तर धातू चकचकीत करायचं मऊ पॉलिश सुती कापडावर घेऊन चोळा. पातं जाड लाकडी फळीवर सपाट टेकवलेलं हवं, धार फळीच्या बाहेर येता कामा नये. बोटांची हालचाल पाठीकडून धारेकडे. पात्यावर सोनेरी अक्षरं किंवा नक्षी असेल तर तिथे पॉलिश लावू नका. तो सोन्याचा मुलामा दोन हातांत जातो, आणि गेला की परत येत नाही.

खपली धरली असेल तर तेलात भिजवून २००० नंबरचा पॉलिश पेपर तेलासकटच वापरा. घाई नको. खपली निघाल्यावर खाली काळा खड्डा दिसेल. तो पाठीजवळ किंवा पात्याच्या मध्यावर असेल तर तिथेच थांबा. खड्डा काढायला जाल तर आजूबाजूचं सगळं पोलाद उतरवावं लागेल, आणि पातं आधीच कोरून पातळ केलेलं असतं. आत ओलावा राहू नये म्हणून तेल दिलं की पुरे. खड्डा धारेत असेल तर दगडावर पाजवून धार मागे न्यावी लागते. हे काम जाणकाराकडे द्या.

आपल्या स्वयंपाकघरातले उपाय इथे घातक ठरतात. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने, कोकमाने, लिंबाने उजळतात, म्हणून तोच हात वस्तऱ्याकडे वळतो. आम्ल गंज खातं, पण थांबत नाही, खालचं पोलादही खातं, आणि सुरुवात सगळ्यात पातळ जागेपासून करतं. सुकवायला गॅसच्या ज्योतीवरही धरू नका. २०० अंशांच्या पुढे पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरू लागतं आणि ज्योतीत धारेला तिथे पोचायला काही क्षण पुरतात. एकदा पाणी उतरलं की ती धार टिकत नाही. कारखान्यातल्या फिरत्या चाकावर पॉलिश करून घेणंही तितकंच वाईट. पातं तापतं, आणि चाकाने धार पकडली तर ते उडून माणसाला लागतं.

मुठीमुळे येणारा गंज

सगळं नीट करूनही पातं गंजत असेल, तोही मुठीच्या आत मिटून राहणाऱ्या भागावरच, तर मूठ हुंगून पाहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पुष्कळ वस्तऱ्यांच्या मुठी सेल्युलॉइडच्या आहेत, हस्तिदंती किंवा कासवाच्या पाठीच्या रंगाच्या. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते जुनं होऊन कुजू लागलं की त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात. उग्र आंबट वास, मुठीवर बारीक तडे, खिळ्याभोवती हिरवट थर आणि पात्यावर मुठीच्याच आकाराचा गंज, ही त्याची लक्षणं. याला तेलाचा उपाय नाही. असा वस्तरा इतरांच्या डब्यात ठेवू नका, त्याची वाफ शेजारच्यांनाही गंजवते. उष्णतेजवळही नको, सेल्युलॉइड भडकन पेट घेतं. खिळे काढून पातं वेगळं करायचं आणि नवी मूठ बसवायची, एवढाच मार्ग आहे.

आजोबांच्या वस्तऱ्याचं नेमकं हेच होतं. खिळ्यापाशी कोंडलेलं पाणी माझी चूक होती, पण तिथली खपली नुसत्या चार दिवसांची नव्हती. काकांनी मूठ नाकाशी धरली आणि माझ्या हातात दिली, तेव्हा तो आंबट वास आला. आता त्याला शिसवीची मूठ आहे. धारेवरचे ठिपके पाजवताना निघाले. खिळ्याजवळचे तीन काळे खड्डे तसेच ठेवले आहेत, आणि दर महिन्याला भिंग घेऊन बसतो तेव्हा ते तीनच आहेत ना, हे मी मोजतो.